शांतवन ड्रेसरचा डावा डोळा

शांतवन ड्रेसरचा डावा डोळा गोटमारीत गेला, हे अख्ख्या पांढुर्ण्याला माहीत आहे. तो माझ्या दगडानं गेला, हे सात वर्षं मला एकट्यालाच माहीत आहे असं मी समजत होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कितीही शहाणपणा केला तरी ऐकणाऱ्यानं मला ओळखून असावं.

मी गजानन. जाम नदीच्या पलीकडचा, सावरगावचा. संत्र्याच्या पेट्या ठोकणं हा माझा धंदा. काम करताना तोंडात सतत खिळे धरलेले असतात, म्हणून याचं बोलणं टोचतं, असं माझी आई अंबाबाई म्हणायची. तापट तर मी आहेच. पण शांतवनची गोष्ट रागानं सांगता येत नाही. मी दोनदा तशी सांगून पाहिली, ती दोन्ही वेळा मधेच बिघडली.

शांतवन मूळचा सौंसरकडच्या बोरगावचा. पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरकडे तो ड्रेसर होता, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, आणि गर्दीच्या दिवशी डॉक्टरांचे हात पुरले नाहीत तर वरवरचे टाकेही घालणं. उंच, काटकुळा, पायजमा घोट्याच्या वर, अंगाला स्पिरिटचा वास. जखम धुताना माणूस ओरडू लागला की हा त्याला त्याच्या वावराबद्दल विचारायचा. तुझ्याकडे मका कसा आहे, बैल कितीचा घेतला, विहिरीला पाणी टिकलं का. तो माणूस बैलाचं सांगेपर्यंत टाका पडलेला असे. आमच्या तिकडं गोटमारीच्या जखमेत लोक देवीचा अंगारा भरतात. दुसरा कोणी ख्रिस्ती असता तर त्यावर बोलला असता. हा फक्त म्हणायचा, अंगारा कपाळाले लाव गा, जखमेत नको, आणि गुपचूप धुवून काढायचा.

गोटमार काय असते तेही सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा करतात. मग एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. पांढुर्ण्याचे लोक कुऱ्हाड घेऊन झेंडा तोडायला येतात, आम्ही येऊ देत नाही. झेंडा तुटला की चंडीमातेचा जयजयकार होतो, आणि सकाळी ज्यानं डोकं फोडलं त्याच्याच ओट्यावर संध्याकाळी चहा. गोटमारीच्या दगडाला मालक नसतो, असं आमचे म्हातारे सांगत. कोणी कोणाचं नाव घेत नाही, कोणी कोणाची माफी मागत नाही. अट एकच. दगड हातानं मारायचा, गोफण लावायची नाही. हातानं मारलेला दगड देवीच्या नावावर जातो. गोफणीचा मात्र मारणाऱ्याच्याच नावावर राहतो.

एक्याऐंशी साली मी गोफण लावली.

आमच्या मक्याच्या वावरात पोपट हाकलायला मनोहर नावाचा राखणदार होता. सावरगावच्याच बौद्धपुऱ्यातला, शांत माणूस. त्याची गोफण मचाणावर टांगलेली असायची. गोटमारीच्या सकाळी मी ती काढली, सदऱ्याखाली कमरेला गुंडाळली आणि नदीवर गेलो. कायले नेली म्हणाल तर मस्ती, दुसरं काही नाही. वय सव्वीस, आणि लग्न ठरलेलं. दुपारी त्यांचा एक कुऱ्हाडवाला झाडापर्यंत पोचला. मी बाभळीआड झालो, गोफण गरगर फिरवली आणि सोडली. कुऱ्हाडवाल्याचा कान वाचला. त्याच्यापलीकडे पात्रात शांतवन वाकलेला होता, दगड त्याला लागला.

दरवर्षी तो डोक्याला पांढरं फडकं बांधून पात्रात उतरायचा आणि जो पडला त्याला ओढून काढायचा. त्या फडक्यावर दोन्ही काठांवरून कोणी नेम धरत नसे. त्या वेळी तो उचलत होता आमच्याच सावरगावच्या शालिकरामला. मी पाहिलं, त्यानं एक हात डोळ्यावर दाबला आणि दुसऱ्या हातानं शालिकरामला ओढतच राहिला. मी गोफण बाभळीखाली टाकली आणि घरी पळालो. घरी आईनं विचारलं, झेंडा तुटला का रे. मी म्हटलं, माहीत नाही.

त्याला नागपूरला नेलं. डोळा वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी गोफण सापडली. तिच्या कडेला लाल सूत विणलेलं होतं, मनोहरच्या बायकोच्या, कमलच्या हातची वीण. शिवारात तशी दुसरी नव्हती. मनोहरला चावडीवर बोलावलं. तो म्हणाला, गोफण माझी, दगड माझा नाही, मचाणावरून कोणीही नेली असेल. पण मजूर माणसाचं कोण ऐकतो? मचाण आमचं, वावर आमचं, तरी कोणी आमच्या घराकडे बोट दाखवलं नाही. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. त्या दिवशी तोंडात खिळे नव्हते, पण तोंड उघडलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं चक्क माझ्या मनात आलं. आज लाज वाटते, पण आलं होतं.

महिन्याभरानं शांतवन डोळ्यावर पट्टी बांधून आमच्या चावडीवर आला. मनोहरनं मारला नाही, एवढंच म्हणाला. मग कोणी मारला, विचारलं तर गप्प. झालं, लोकांनी त्याचाही अर्थ लावला. किरिस्तावाचं मन मोठं, मारणाऱ्यालाच वाचवून राहिला, म्हणाले. त्याच्या बोलण्यानं मनोहर सुटायचा तो आणखीच फसला. लोक त्याला डोळेफोड्या म्हणू लागले. राखणीचं काम गेलं. माझ्याच आईनं काढलं, आणि मी काही बोललो नाही. दिवाळीनंतर तो कमलला आणि पोरीला घेऊन तिगावला गेला, तिथं रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायला लागला.

इथपर्यंत माझं पाप. आता शांतवनचं ऐका.

एका डोळ्यानं माणूस चालतो, सायकल चालवतो, जखमही धुतो. पण सुईत दोरा ओवता येत नाही. एका डोळ्याला सुई आणि दोरा एकाच जागी आहेत असं वाटतं, आणि दोरा बाजूनं निघून जातो. ब्याऐंशीच्या गोटमारीला मी दवाखान्यावरून जात होतो. ओसरीवर रक्ताळलेल्या लोकांची रांग, आणि शांतवन वाकडी सुई उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा दोरा चुकवत होता. त्याची बायको चंद्रकला चुलीवर पाणी उकळत होती, तिला उठता येत नव्हतं. माझे पाय आपोआप वर चढले. मी म्हटलं, आणा, मी ओवून देतो. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग म्हणाला, आधी हात धू.

तेव्हापासून दर गोटमारीला मी दगड सोडून ओसरीवर बसायचो. काळा रेशमी दोरा, उकळलेल्या सुया, एकामागून एक. आमचे लोक विचारायचे, काय झालं बाप्पा तुला? मी सांगायचो, खांदा दुखतो. शिवाय दर हंगामाला चांगल्या संत्र्यांची एक पेटी त्याच्या दारात. मनात हिशेब असा की हळूहळू फिटेल. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं चाललं होतं.

आणि खवखवणारा माणूस प्रश्न फार विचारतो. मी त्याला त्याच्या धर्माबद्दल छेडायचो. पहिल्यांदा विचारलं, तुमच्यात पाप कोणत्या नदीत धुतात? तो म्हणाला, नदी नाही. मग उपास किती? उपास आहेत, पण त्यानं पाप फिटत नाही. मग फेडता कसं? तो म्हणाला, फेडतच नाही, फेडता येत नाही म्हणूनच तर येशू आला. मला रागच आला. करावं तसं भरावं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मी म्हटलं, वा रे वा, म्हणजे करणारा मोकळा आणि भरणारा भलताच? हो, म्हणाला तो, अगदी तसंच, आणि पट्टी गुंडाळायला लागला. माणूस वाद घालत नाही म्हटल्यावर वाद घालणाऱ्याचं डोकं उठतं.

मग कधीतरी त्यानं आपल्या बापाची गोष्ट सांगितली. बाप रामाजी, बोरगावचा शेतमजूर. बैलबंडीचं चाक पायावरून गेलं आणि पाय सडला. एक ख्रिस्ती नर्स तीन महिने रोज येऊन तो पाय धूत असे. रामाजी हैराण. फुकट कोण धुतं? हिला काय पाहिजे असेल? बिचाऱ्यानं कोंबडी देऊ केली, तिनं घेतली नाही. लाकडं फोडून देतो म्हणाला, तर म्हणाली, त्या पायानं? पाय बरा झाला तरी रामाजीचा संशय बरा होईना. ती कोणासाठी करते ते पाहायला तो सौंसरला प्रार्थनेला गेला, आणि पाहता पाहता तिथलाच झाला. शांतवन हसून म्हणाला, माहा बाप संशयापायी ख्रिस्ती झाला, गा. मला ते फार आवडलं. भक्तीपेक्षा संशय माझ्या ओळखीचा.

म्हणून पंच्याऐंशी साली मीही एका रविवारी त्याच्यासोबत सौंसरला गेलो. मला वाटलं होतं काहीतरी विलायती असेल. एक खोली, सतरंज्या, बाहेर चपलांचा ढीग. बाजाची पेटी वाजत होती, आणि चाल आमच्या भजनाचीच, फक्त नाव वेगळं. वरच्या बाजूला नुसता एक लाकडी क्रूस, संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचा असावा तसा साधा. माझा हात लगेच त्याच्या सांध्याकडे गेला, खिळे तिरपे बसलेले होते. मग मला कळलं की मी कशाचे खिळे पाहून राहिलो, आणि हात मागे घेतला. सांगणारा गृहस्थ चोराची गोष्ट सांगत होता. येशूच्या बाजूला टांगलेला एक चोर, आयुष्यभर चोऱ्या, आणि मरतामरता म्हणाला माझी आठवण ठेव, तर येशू म्हणाला आजच तू माझ्यासोबत येशील. झालं? एवढंच? ना उपास, ना वारी.

परतीच्या बसमध्ये मी शांतवनला पिडलं. तो चोर सुटला, पण ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांचं काय? मोहगावचा फाटा येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, चोराले उतरून जायला वेळ नव्हता, गजानन. ज्याच्यापाशी वेळ आहे त्यानं त्या घरी गेलं पाहिजे. पण सुटण्यासाठी नाही जायचं. सुटला म्हणून जायचं.

याला माहीत आहे का? मी त्याच्या चांगल्या डोळ्यात निरखून पाहिलं, काही दिसलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. विषय बदलायला मी विचारलं, तू दरवर्षी त्या दगडात खाली कायले उतरतो, काठावरून हाका मारल्या तर चालत नाही का? तो म्हणाला, पडलेला माणूस हाकेनं उठत नाही, कोणीतरी खाली उतरावं लागते. आमच्यात तारण म्हणतात ते एवढंच आहे.

अशी तीन वर्षं आणखी गेली. मी विचारायचो, तो थोडंसं सांगायचा, माझं समाधान व्हायचं नाही. माझ्या घरी दोन लेकरं झाली. मनोहरचं नाव मी कुठं निघू देत नव्हतो.

अठ्ठ्याऐंशी साली पोळ्याच्या दोन दिवस आधी मी सुया मोजायला दवाखान्यात गेलो होतो, आणि आत मनोहरची कमल आली. सात वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. बोट विळ्यानं कापलेलं होतं. शांतवननं ते धुतलं आणि त्याच्या सवयीनं विचारलं, पोरगी कशी आहे? तिनं सरळ सांगितलं. पुष्पा अठरा वर्षांची झाली. मोहगावचे पाहुणे पाहून गेले, पसंत केलं, साखरपुड्याची तारीख धरली. मग सावरगावच्या कोणीतरी त्यांना सांगितलं की डोळेफोड्याची पोरगी आहे. निरोप आला, नको. कमल रडली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, बरा आहेस का रे गजानन, आणि बोट सांभाळत निघून गेली.

तिच्या त्या विचारपुशीनं माझं सगळं ढासळलं. शिवी दिली असती तर मी पुढची सात वर्षंही काढली असती.

मी म्हटलं, "शांतवनभाऊ, डोळा मनोहरनं नाही फोडला. मी फोडला."

तो पट्टी गुंडाळत होता. हात थांबला नाही. "माहीत आहे," म्हणाला.

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. गोफण फिरते तेव्हा आवाज येते ना. मी मान वर केली. बाभळीपाशी तू होता."

आता बोला. कोणाही शहाण्या माणसानं त्याचे पाय धरले असते. मी भडकलो. सात वर्षं मी सुया ओवल्या, बोटं टोचून घेतली, पेट्या वाहिल्या, आणि हा माणूस सगळं जाणून गंमत पाहत होता? मी ओरडलोच, मग माझी संत्री कायले खाल्ली?

"गोड होती म्हणून," तो म्हणाला. मग पट्टी खाली ठेवून म्हणाला, "त्या डोळ्याचं मी नागपूरच्या खाटेवरच सोडून दिलं होतं, गजानन. पहिले आठ दिवस नाही सुटलं. तुले खूप शिव्या दिल्या. नवव्या दिवशी सोडलं. तू ज्याचं फेडून राहिला होता, ते उरलंच नव्हतं."

"म्हणजे फुकट?"

"तुले फुकट. मले नाही." त्यानं मिटलेल्या पापणीला बोट लावलं. "माफी घेणाऱ्याले फुकटच असते. देणाऱ्याचं जाते. येशूचं सगळं गेलं, माहा तर एकच डोळा."

मी खाली बसलो आणि रडलो. इतकं की चंद्रकला आतून पाणी घेऊन आली. पाणी पिता पिता माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न उठला, आणि तो मी विचारला. तुला माहीत होतं, तर चावडीवर माझं नाव का नाही घेतलंस? तेव्हाच मनोहर सुटला असता.

शांतवनचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उतरला. तो म्हणाला, तसा विचार केला होता. मी नाव घेतलं तर तू पकडला जाशील, तू स्वतः घेतलं तर सुटशील. म्हणून वाट पाहिली. आज सांगेल, उद्या सांगेल. "तुह्यासाठी वाट पाहण्यात मी मनोहरले सात वर्षं उन्हात उभं ठेवलं. ते माहं चुकलं. त्याची माफी मी रोज मागतो, पण ती देवापाशी. मनोहरपाशी मागायला माहेही पाय उचलले नाही." चंद्रकला म्हणाली, मी किती वेळा म्हटलं तुम्हाले. म्हणजे तिलाही माहीत होतं.

पोळ्याच्या दिवशी घरी बैलांची पूजा टाकून मी तिगावला गेलो. शांतवन सोबत आला. मी नको म्हटलं नाही. मनोहर स्टेशनामागच्या खोलीसमोर बसून बूट पुसत होता. केस पांढरे झालेले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मग शांतवननंही आपलं सांगितलं. मनोहरनं दोघांचं ऐकलं, बूट खाली ठेवला.

"मले अंदाज होता," तो म्हणाला. "मचाणावर चढणारे दोघंच. मी आणि तू."

मी हात जोडले. तो म्हणाला, हात खाली कर. शांतवनभाऊनं तुला सोडलं, तो त्याचा देव आणि त्याचा मोठेपणा. आपल्याला ते जमेल का नाही, माहीत नाही, आज तर नाही. "मले तुही माफी नको. माहं नाव वापस दे. जिथं गेलं तिथंच दे, सगळ्यांसमोर." कमल दारात उभी होती. तिच्यामागं पुष्पा.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तेव्हा पळस रोवून झाला होता. झेंडा, नारळ, पूजा, सगळं सावरगाव काठावर. मी पुढं झालो. आमचे वयोवृद्ध रघुनाथराव म्हणाले, काय बोलायचं ते संध्याकाळी बोल, आता दगडाची वेळ आहे. मी म्हटलं, आत्ताच बोलतो, एकदा दगड सुरू झाले की इथं कोणाला नाव नसतं. आणि बोललो. गोफण मी नेली. दगड मी मारला. चावडीवर मी होतो आणि गप्प राहिलो. मनोहरनं काही केलं नाही.

कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, आता कायले उकरून राहिला, गोटमारीत असं होतेच. माझ्या आईनं तोंडावर पदर घेतला आणि घराकडे चालू लागली. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रघुनाथराव मात्र माझ्याकडे पाहत नव्हते. वर रस्त्यावर मनोहर, कमल आणि पुष्पा उभे होते, तिकडं ते पाहत होते. मग ते बसल्या जागी जरा सरकले आणि शेजारच्या दगडावर हात ठेवला.

"मनोहरभाऊ," त्यांनी हाक मारली, "असा वर काहून उभा? खाली ये, बस."

सात वर्षांनी त्याला सावरगावात कोणी नावानं हाक मारली होती. मोहगावचा निरोप आला तेव्हा न रडलेली कमल आता रस्त्यावरच खाली बसली आणि रडली. मनोहर उतरला, माझ्या बाजूनं गेला, माझ्याकडे न पाहता, आणि त्या दगडावर बसला.

मला कोणी बस म्हटलं नाही.

मोहगावचे पाहुणे काही परत आले नाहीत. पुष्पाचं पुढच्या साली बोरगावला जमलं, चांगलं घर मिळालं. चावडीत जमा असलेली गोफण मनोहरला परत दिली. आईनं चार महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि ते नाव वाया गेलं नाही, लोकांनी ते मला दिलं. पेठेत, पेट्यांच्या अड्ड्यावर, सगळीकडे मी आता डोळेफोड्या. पहिल्यांदा कोणी हाक मारली तेव्हा हातातली हातोडी उचलली होती. मग वाटलं, माझंच आहे, दुसऱ्यानं सात वर्षं वाहिलं. आता मी ओ देतो.

लोक विचारतात, तू किरिस्ताव झाला का? नाही झालो. पण सौंसरला अधूनमधून जातो, मागं बसतो, आणि त्या चोराबद्दल अजून विचारतो. एकदा मी तिथले तिरपे खिळे काढून सरळ ठोकून दिले, कोणी नको म्हटलं नाही. मनोहरनं मला अजून सोडलेलं नाही. पण मागच्या महिन्यात तिगावच्या फलाटावर भेटला तेव्हा म्हणाला, गाडीले वेळ आहे, चहा घे.

या वर्षीच्या गोटमारीलाही मी ओसरीवर सुया घेऊन बसलो. रांग लागली होती. शांतवननं माझ्या हातातून ओवलेली सुई घेतली आणि हळूच म्हणाला, आता कायले ओवून राहिला गा, आता तर काही फेडायचं उरलं नाही.

मी म्हटलं, "तुले दिसत नाही म्हणून."